कामाच्या ठिकाणचे मानवी संबंध आणि उत्पादकता : परिणाम होतो, पण कोणत्या वाटेने?

प्रश्न असा आहे की, कामाच्या ठिकाणी माणसांचे एकमेकांशी आणि वरिष्ठांशी जे संबंध असतात, त्यांचा कर्मचाऱ्यांच्या उत्पादकतेवर खरोखर परिणाम होतो का, आणि होत असेल तर तो नेमका कसा होतो. परिणाम होतो, आणि तो मोठा असतो. मात्र व्यवस्थापनात ज्या वाटेने तो होतो असे गृहीत धरले जाते, ती वाट बहुधा चुकीची असते. प्रचलित समज असा की, खूश माणूस अधिक काम करतो, म्हणून त्याला खूश ठेवावे. या समजातून सहली, स्नेहसंमेलने आणि वाढदिवसांचे केक निघतात. त्यांना माझा विरोध नाही, परंतु त्यांनी उत्पादन वाढल्याचे मी पाहिलेले नाही. मनुष्यबळ विभागात दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, एखादी अडचण ती सोडवू शकणाऱ्या माणसापर्यंत किती लवकर पोचते आणि अडलेल्या माणसाला शेजाऱ्याची मदत किती सहज मिळते, हे संबंधांवरून ठरते. हातांचा वेग हा त्यानंतरचा विषय आहे.

या विषयावरील बहुतेक विवेचनांची सुरुवात हॉथॉर्नच्या प्रयोगांपासून होते. मीही तेथूनच सुरुवात करतो, कारण त्या प्रयोगांतील सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग सर्वांत उपयोगाचा आहे. शिकागोजवळ सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न हा कारखाना होता आणि तेथे टेलिफोनची उपकरणे तयार होत. 1924 ते 1927 या काळात तेथे प्रकाश कमीजास्त करून त्याचा उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहिले गेले. पुढे 1927 पासून रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतील विजेवर चालणारे छोटे स्विच, जोडणाऱ्या मोजक्या स्त्री-कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास आणि मोबदल्याची पद्धत बदलत त्यांच्या उत्पादनाची नोंद ठेवली गेली. उत्पादन वाढत गेले आणि सवलती काढून घेतल्यावरही आठवड्याचे एकूण उत्पादन पूर्वीच्या पातळीवर घसरले नाही. हार्वर्डमधील संशोधक एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून निष्कर्ष काढला की, कामगारांकडे लक्ष दिले गेले, त्यांचे मत विचारले गेले आणि त्यांच्यात आपलेपणा निर्माण झाला, हे खरे कारण होते.

हा निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत जितक्या निःशंकपणे सांगितला गेला, तितका तो पक्का नाही. त्या खोलीतील दोघींना, त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, 1928 च्या सुरुवातीस बदलण्यात आले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या दोघी वेगवान होत्या. शिवाय मोबदल्याची पद्धतही बदलली होती : पूर्वी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर मिळणारा मोबदला आता या छोट्या गटाच्याच उत्पादनावर मिळू लागला. 1967 मध्ये अॅलेक्स केरी यांनी या बाबींवर बोट ठेवून मूळ निष्कर्षावर कठोर टीका केली. प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी शोधून काढली आणि तिचे फेरविश्लेषण 2011 मध्ये प्रसिद्ध केले. दिव्यांतील बदल रविवारी केले जात आणि सोमवारी उत्पादन वाढलेले दिसे. परंतु ज्या आठवड्यांत काहीच बदल केला नव्हता, त्या आठवड्यांतही सोमवारी ते वाढतच असे. तेव्हा ‘थोडे लक्ष द्या, उत्पादन आपोआप वाढेल’ हा धडा हॉथॉर्नच्या नावावर खपवू नये.

खरा धडा शेवटच्या टप्प्यात आहे. नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात टेलिफोन केंद्रांची उपकरणे जोडणाऱ्या 14 पुरुष कामगारांचे एका खोलीत केवळ निरीक्षण केले गेले. त्यांच्या कामात कोणताही बदल केला नाही. त्यांचा मोबदला गटाच्या एकत्रित उत्पादनावर अवलंबून होता, म्हणजे प्रत्येकाने अधिक काम केल्यास सर्वांचाच फायदा होता. तरीही दिवसाला साधारण दोन संच एवढेच काम ‘योग्य’ असे त्यांनी आपसांत ठरवले होते. त्याहून जास्त करणाऱ्याला टोमणे मारले जात, वेळप्रसंगी दंडावर ठोसाही बसे. फारच कमी करणाराही बोल खाई, आणि वरिष्ठांकडे चहाडी करणाऱ्याला तर कोणी जवळ करत नसे. यांच्यात मैत्री होती, थट्टामस्करी होती, एकमेकांना मदत होती. एकी भरपूर होती आणि तीच उत्पादनाला लगाम घालत होती. जास्त काम केले तर दर कापले जातील किंवा माणसे कमी केली जातील, अशी त्यांची धारणा होती, आणि मंदीच्या त्या काळात ही भीती निराधार म्हणता येणार नाही. कामगारांचे एकमेकांशी संबंध उत्तम आणि व्यवस्थापनाशी अविश्वासाचे असतील, तर ती एकी हात राखून काम करण्याच्या बाजूने उभी राहते.

म्हणूनच ‘आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात’ हे वाक्य एखादा व्यवस्थापक अभिमानाने सांगतो, तेव्हा मी थोडा सावध होतो. जवळीक कोणाविरुद्ध किंवा कशासाठी आहे, हे त्यातून कळत नाही. ब्रिटनमधील एका फळबागेतील अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. ओरियाना बँडिएरा, इवान बारानके आणि इम्रान रसूल या अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. आरंभी तेथील मजुरांना त्यांचे काम त्या दिवशीच्या गटाच्या सरासरीशी ताडून मोबदला मिळे; म्हणजे एकाने झपाट्याने फळे तोडली की सरासरी वाढून इतरांची कमाई घटे. पुढे ही पद्धत बदलून तोडलेल्या फळांच्या वजनावर सरळ दर दिला गेला आणि सरासरी मजुराची उत्पादकता निदान 50 टक्क्यांनी वाढली. पहिल्या पद्धतीत, ज्यांचे अधिक मित्र त्याच गटात होते ते अधिक हात राखत होते. आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. उंच झुडपांमुळे एकमेकांचे काम दिसत नसे त्या ठिकाणी असा संयम आढळला नाही. जेथे काम एकमेकांच्या नजरेसमोर होते तेथेच तो आढळला. मैत्री खोटी नव्हती, मोबदल्याची पद्धतच मित्राला मित्राच्या आड आणणारी होती.

याच नजरेची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेटी यांनी अमेरिकेतील एका सुपरमार्केट साखळीच्या कॅशिअरांच्या कामाच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या 2009 मधील निबंधानुसार वेगवान कॅशिअर पाळीवर आला की इतरांचा वेगही थोडा वाढे; मात्र हा परिणाम, ज्यांची पाठ त्या वेगवान सहकाऱ्याच्या नजरेसमोर येत असे त्यांच्यातच दिसला, त्याला समोर पाहणाऱ्यांमध्ये नाही. ज्यांच्या पाळ्या वारंवार एकत्र येत, त्यांच्या बाबतीत तो अधिक स्पष्ट होता. ज्याच्याशी रोज गाठ पडते, त्याच्यावर आपल्या कामाचा भार टाकायला माणूस कचरतो. येथे कोणी कोणाला दंड करत नव्हते, बक्षीसही नव्हते. ओळखीची भीड तेवढी काम करत होती. फळबागेतही ओळखीचीच भीड होती. फरक एवढाच की, तेथे अंग चोरल्याने मित्राचे भले होत होते आणि येथे अंग चोरल्यास सहकाऱ्याच्या रांगेत गिऱ्हाइके वाढत होती.

समाधानाविषयी थोडे बोलून पुढे जातो. कामातील समाधान आणि कामगिरी यांच्यातील सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या 1985 मधील एका मोठ्या संकलनात सुमारे 0.17 इतकाच आला होता आणि 2001 मधील अधिक काटेकोर संकलनात तो सुमारे 0.30 आला. संबंध आहे, पण तो मध्यम आहे, आणि चांगले काम होते म्हणून समाधान वाटते ही उलट दिशाही त्यात मिसळलेली असते. केवळ समाधानाचा आकडा वाढवण्याच्या मागे लागलेली संस्था फार दूर जात नाही.

मग उत्पादकता नेमकी कोठे गळते? कारखाना असो, रुग्णालय असो किंवा सॉफ्टवेअरचे कार्यालय, माझ्या पाहण्यात वाया जाणाऱ्या वेळेचा मोठा वाटा माणसे सावकाश काम करतात म्हणून जात नाही. तो जातो चुकीचे काम पुढे गेल्याने, मग ते पुन्हा करावे लागल्याने, कोणाच्या तरी होकाराची वाट पाहण्यात, आणि एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसल्याने. पाळी बदलताना यंत्राचा आवाज बदललेला जाणवला होता, पण पुढच्या पाळीच्या माणसाशी बोलणे बंद होते, म्हणून सांगितले नाही. मोजमाप थोडे चुकते आहे हे दिसत होते, पण मागच्या वेळी सांगणाऱ्यालाच ‘तुझ्यामुळे काम थांबले’ असे ऐकून घ्यावे लागले होते, म्हणून गप्प राहिले. नवीन आलेल्याला पद्धत कळली नव्हती, पण विचारले तर हसतील म्हणून त्याने अंदाजाने उरकले. यांपैकी कोणतीही गोष्ट हजेरीपटावर दिसत नाही. ती दिसते खराब मालाच्या ढिगात, ग्राहकांच्या तक्रारींत आणि जादा पाळीच्या खर्चात, आणि तोवर तिचे मूळ कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

हार्वर्डमधील संशोधक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासांनी ही गोष्ट पुराव्यानिशी पुढे आणली. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा त्यांनी अभ्यास केला तेव्हा, ज्या कक्षांत परिचारिकांचे परस्परांशी व प्रमुखांशी संबंध चांगले, त्यांत चुका कमी असतील अशी साहजिक अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले : तेथेच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी केलेला उलगडा असा की, त्या कक्षांत चूक उघड सांगता येत होती, तर इतरत्र ती झाकली जात होती. 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतील 51 गटांच्या अभ्यासात त्यांनी दाखवले की, चूक किंवा शंका बोलून दाखवली तर आपली मानहानी होणार नाही, असा विश्वास ज्या गटांत होता ते गट अधिक शिकत आणि त्यामुळे त्यांची कामगिरीही सरस असे. व्यवस्थापकाने यातून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. एखाद्या विभागातील चुकांच्या नोंदी अचानक वाढल्या, तर लगेच त्याच्या प्रमुखाला फैलावर घेऊ नये. तो प्रमुख नुकताच बदललेला असेल आणि माणसांची तोंडे नुकतीच उघडली असतील, अशी शक्यता आधी तपासावी.

अपमानाचा परिणाम तर त्याहून थेट आहे. 2015 मध्ये इस्रायलमधील नवजात अर्भक अतिदक्षता विभागांच्या 24 गटांवर केलेल्या प्रयोगात, सराव म्हणून दिलेल्या एका कृत्रिम रुग्णप्रसंगाआधी काही गटांना बाहेरच्या एका तज्ज्ञाकडून त्यांच्या दर्जाविषयी सौम्यच, पण उपमर्द करणारे शेरे ऐकवले गेले. त्या गटांची निदानातील आणि प्रत्यक्ष उपचारांतील कामगिरी लक्षणीय घसरली. कारण शोधताना असे दिसले की, त्या गटांतील डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांना माहिती कमी सांगत होत्या आणि मदत कमी मागत होत्या. हात थरथरले म्हणून नव्हे, तोंडे मिटली म्हणून काम बिघडले. दोन वाक्यांच्या उपमर्दाने एवढे होते, तर सकाळच्या मीटिंगमध्ये रोज एकाला उभे करून झापणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यावरून प्रत्यक्ष पर्यवेक्षकाकडे वळणे भाग आहे, कारण कर्मचाऱ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे तोच. एडवर्ड लेझिअर, कॅथरिन शॉ आणि क्रिस्टोफर स्टँटन यांनी तंत्राधारित सेवा देणाऱ्या एका मोठ्या कंपनीतील नोंदींवरून काढलेला निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाला : सर्वांत कमकुवत दहा टक्क्यांतील पर्यवेक्षकाच्या जागी सर्वोत्तम दहा टक्क्यांतील पर्यवेक्षक आणला, तर नऊ जणांच्या गटात आणखी एक माणूस वाढवल्याइतके उत्पादन वाढते. माझ्या अनुभवाशी हे जुळते. चांगला पर्यवेक्षक गोड बोलणाराच असतो असे नाही. काही अगदी तुसडे पण विश्वासाचे पर्यवेक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्यात समान आढळलेली बाब अशी की, अडचण सांगितली की ते त्याच पाळीत काहीतरी हालचाल करत, निदान ‘हे माझ्या हातात नाही, उद्या वर विचारतो’ असे स्पष्ट सांगत आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उत्तर आणत. जादा पाळी, रजा आणि नकोशी कामे यांच्या वाटपात त्यांच्या मर्जीतले आणि मर्जीबाहेरचे असे दोन वर्ग नसत. चुकीबद्दल बोलायचे ते बाजूला नेऊन आणि कौतुक करायचे ते नेमक्या कामाचा उल्लेख करून, हेही ते पाळत. यांतील वाटपाचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. सणासुदीची रजा कोणाला मिळाली आणि सलग रात्रपाळ्या कोणाच्या वाट्याला आल्या, याचा हिशेब प्रत्येक कर्मचाऱ्याच्या डोक्यात चोख असतो. तो हिशेब वाकडा आहे असे एकदा वाटले की माणूस भांडत नाही, पाट्या टाकू लागतो.

न्याय्य वागणूक म्हणजे नेहमी मागेल ते देणे नव्हे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याची साक्ष देतो. एका कंपनीला दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगारात 15 टक्के कपात करावी लागली. एका ठिकाणी प्रमुखांनी सुमारे दीड तास सभा घेऊन कारण समजावले, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांची उत्तरे दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निर्णय कळवून विषय संपवला. कपात दोन्हीकडे सारखीच होती. कारखान्यातून होणाऱ्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण दुसऱ्या ठिकाणी त्या कितीतरी अधिक वाढल्या. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्यांचे प्रमाणही पूर्ववत झाले. कटू निर्णय टाळता येत नाहीत, हे मान्य. मात्र ते सांगण्यात वाचवलेल्या तासाभराची किंमत नंतर नकळत चुकवावी लागते.

सांगण्याच्या एक पायरी पुढे जाऊन विचारणे येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथे हारवूड या कपड्यांच्या कारखान्यात लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलली की तेथील कामगारांचे उत्पादन घसरे आणि बरेच जण नोकरी सोडत. एका गटाला नेहमीप्रमाणे बदल केवळ कळवला गेला : उत्पादन घसरले ते वर आलेच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत 17 टक्के जणींनी काम सोडले. ज्या गटांतील सर्वांना बदल ठरवण्यात सहभागी करून घेतले, ते थोड्याच दिवसांत पूर्वपदावर आले आणि पुढे पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्के अधिक उत्पादन देऊ लागले. विशेष म्हणजे पहिल्या गटातील उरलेल्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या बदलाच्या वेळी सहभागी करून घेतले, तेव्हा त्यांचेही उत्पादन असेच सुधारले. म्हणजे माणसे तीच होती. ‘यांना बदल नकोच असतो’ हे निदान त्यांना लागू नव्हते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. निर्णय आधीच झालेला असताना सूचना मागवण्याचे नाटक केले, तर न विचारण्यापेक्षा अधिक नुकसान होते, कारण पुढच्या वेळी खरोखर विचारले तरी कोणी बोलत नाही.

एकत्र काम करण्याच्या सवयीतून जे साधते, त्याचा हिशेब तर बहुतेक संस्था मांडतच नाहीत. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणाऱ्या हृदयशल्यविशारदांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या रुग्णालयात शल्यविशारदाने जितक्या अधिक शस्त्रक्रिया केलेल्या, तितके त्या रुग्णालयातील त्याच्या रुग्णांचे परिणाम चांगले. पण तोच अनुभव घेऊन तो दुसऱ्या रुग्णालयात गेला की त्याचा तेवढा लाभ तेथे दिसत नसे. हात तेच होते, भोवतालची माणसे वेगळी होती. नासाच्या 1986 मधील सिम्युलेटर-अभ्यासात तर दमलेल्या, पण नुकतेच एकत्र उड्डाण केलेल्या वैमानिकांच्या जोड्यांनी, ताज्यातवान्या पण एकमेकांना अपरिचित अशा जोड्यांपेक्षा कमी गंभीर चुका केल्या. कोणता इशारा कोणत्या सुरात दिला म्हणजे तो खरोखर तातडीचा, कोणाला काय दोनदा सांगावे लागते, कोण अडचणीत आल्यावर गप्प होतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. सोयीसाठी दर काही महिन्यांनी गट मोडून माणसे इकडून तिकडे हलवणाऱ्या संस्था हे भांडवल नकळत उधळत असतात.

इथवर संबंध हा जणू स्वभावांचा प्रश्न असल्यासारखे बोललो, पण बऱ्याचदा वाईट संबंध कामाच्या रचनेतूनच जन्मतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींबद्दल एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी 1951 मध्ये लिहिलेला निबंध मी या विषयातील सर्वांत वाचनीय मानतो. जुन्या पद्धतीत खाणकामगार आपले सोबती स्वतः निवडत आणि छोटा गट सर्व कामे मिळून करी. यांत्रिकीकरणानंतर चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली आणि प्रत्येक पाळीकडे कामाचा एकेक तुकडा आला. आधीच्या पाळीने काम वाईट केले की त्याचा त्रास पुढच्या पाळीला, आणि दोन पाळ्या एकमेकींना कधी भेटतही नसत. दोषारोप वाढले, गैरहजेरी वाढली, आणि नवीन यंत्रांकडून अपेक्षित होते तेवढे उत्पादन मिळाले नाही. ती माणसे एकाएकी भांडखोर झाली नव्हती. आजच्या कार्यालयांतही विक्री विभागाला ऑर्डरच्या संख्येवर आणि उत्पादन विभागाला कमी खर्चावर बक्षीस मिळत असेल, तर त्या दोन विभागप्रमुखांना संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाला पाठवून भांडण मिटणार नाही.

याचे उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचे आहे. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला तेव्हा गैरहजेरी, संप आणि तक्रारी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. टोयोटाच्या भागीदारीत नम्मी या नावाने 1984 मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बहुसंख्य कामगार पूर्वीचेच घेतले गेले आणि कामगार संघटनाही तीच राहिली. थोड्याच काळात गैरहजेरी फार खाली आली आणि गुणवत्तेत तो जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या पंक्तीत बसला. दोष दिसताच कोणाही कामगाराने दोरी ओढून मदत मागावी, गरज पडल्यास उत्पादनाची ओळ थांबावी आणि गटप्रमुखाने रागवायला नव्हे, मदतीला धावत यावे, ही तेथील रोजची रीत होती. जुन्या व्यवस्थेत ओळ थांबवणे हा गुन्हा होता. अडचण बोलून दाखवण्याचा हक्क येथे भाषणात राहिला नाही, तो कामाच्या रचनेत बसवला गेला.

एका अवघड प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही : भरपूर काम करणारा, पण भोवतालच्यांना छळणारा कर्मचारी ठेवावा की काढावा? अशा माणसाचे आकडे चांगले दिसतात, कारण त्याने केलेले नुकसान इतरांच्या खात्यावर जमा होते : त्याला कोणी काही विचारत नाही, त्याच्या शेजारची माणसे बदली मागतात, नवीन आलेले टिकत नाहीत. मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर यांच्या 2015 मधील विश्लेषणात, असा एक माणूस टाळण्याचा आर्थिक लाभ अव्वल एक टक्क्यातील कर्मचारी मिळवण्याच्या लाभाच्या दुपटीहून अधिक आला. माझा सल्ला असा की, नेमके वर्तन सांगून लेखी समज द्यावी, ठरावीक मुदत द्यावी आणि बदल न झाल्यास आकड्यांकडे पाहून थांबू नये. मात्र स्पष्ट बोलणारा, गैरसोयीचे प्रश्न विचारणारा माणूस या वर्गात ढकलला जात नाही ना, याची खात्री वरच्या अधिकाऱ्याने स्वतः करून घ्यावी. अशा माणसालाच ‘त्रासदायक’ ठरवण्याचा मोह कमकुवत पर्यवेक्षकाला नेहमी होतो.

संबंधांची स्थिती मोजायची कशी, याबाबत वार्षिक सर्वेक्षणावर माझी फारशी भिस्त नाही. नाव गुप्त राहील असे कितीही सांगितले, तरी आठ जणांच्या विभागात कोणी काय लिहिले हे ओळखता येते, आणि कर्मचारी ते जाणून असतात. त्यापेक्षा हाताशी असलेल्या नोंदी अधिक खरे बोलतात. एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखालून किती राजीनामे आणि बदलीचे अर्ज येतात, एकेका दिवसाच्या आकस्मिक रजा कोठे साचतात, दोष निर्माण झाल्यापासून तो सांगितला जाईपर्यंत किती वेळ जातो, आणि अपघात होता होता टळल्याच्या नोंदी कोणत्या विभागातून मुळीच येत नाहीत, हे पाहावे. अशी एकही नोंद न पाठवणारा विभाग मला सर्वाधिक चिंतेचा वाटतो.

हे सर्व सांगताना मर्यादाही नोंदवली पाहिजे. यंत्र वारंवार बंद पडते, कच्चा माल वेळेवर येत नाही किंवा मोबदला इतरत्र मिळणाऱ्यापेक्षा उघडपणे कमी आहे, अशा ठिकाणी संबंध सुधारण्याची मोहीम काढली तर कर्मचाऱ्यांना ती थट्टा वाटते, आणि ते चुकत नाहीत. तेथे आधी यंत्र, माल आणि पगार पाहावा. दूरस्थ पद्धतीने चालणाऱ्या कामात नियम बदलत नाहीत, पण जाता-येता कानावर पडणारी माहिती बंद झाल्याने विचारण्याच्या वेळा आणि उत्तर देण्याची जबाबदारी मुद्दाम ठरवावी लागते.

सुरुवात कोठून करावी असे विचारले, तर मी प्रलंबित तक्रारींची यादी मागवण्यास सांगेन. यादीतील प्रत्येक तक्रारीला, मग ती पंख्याची असो, हातमोज्यांची असो किंवा पाळीच्या वाटपाची, ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह द्यावा. त्यानंतर पर्यवेक्षकांच्या बढतीचे निकष तपासावेत, कारण सर्वांत कुशल कारागिरालाच पर्यवेक्षक करण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी आहे आणि ती एक चांगला कारागीर गमावून एक सामान्य पर्यवेक्षक देते. पाळीबदलासाठी दोन्ही पाळ्यांना दहा-पंधरा मिनिटे एकत्र मिळतील असे वेळापत्रक करावे आणि त्या मिनिटांचा पगार द्यावा. या उपायांना फारसा खर्च नाही; तक्रारींच्या उत्तरांचा परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतो, पर्यवेक्षकांच्या निवडीचा मात्र वर्ष-दोन वर्षे दिसत नाही, आणि नेमका म्हणूनच तो बदल अर्धवट सोडला जातो.